लेझर कटिंगमधील पत्र्याची नासाडी आणि नेस्टिंग सॉफ्टवेअर: मच्छे येथील एका कारखानदाराच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावजवळच्या मच्छे औद्योगिक वसाहतीत प्रश्नकर्त्यांचा लहान कारखाना असून त्यांच्याकडे 1500 × 3000 मिमी टेबलाचे एक फायबर लेझर मशीन आहे. महिन्याला सुमारे 12 टन माइल्ड स्टीलचा पत्रा कापला जातो आणि त्यातला चौथा हिस्सा भंगारात जातो. ऊसवाहतुकीच्या ट्रॉलीचे गसेट (सांध्याला मजबुती देणारे पत्र्याचे तुकडे), साखर कारखान्यांच्या दुरुस्तीचे सुटे भाग आणि कोल्हापूरच्या पार्ट्यांचे जॉबवर्क अशी कामे आहेत. भागांची मांडणी आजवर कॅडमध्ये हाताने केली जाते. प्रत्येक जाडीला दोन भागांमध्ये 6 मिमी आणि शीटच्या कडेला 10 मिमी अंतर सोडले जाते. सर्वांत जास्त लागणारा भाग म्हणजे 6 मिमी जाडीचा, 300 × 300 मिमीचा काटकोन त्रिकोणी गसेट, आणि 1250 × 2500 च्या शीटमध्ये तो 56 नग बसतो. नेस्टिंगचे, म्हणजे शीटवर भागांची मांडणी आपोआप करणारे, सॉफ्टवेअर विकत घ्यावे का, आणि 1500 × 3000 चे मोठे शीट वापरल्यास नासाडी कमी होईल का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

तुम्ही आकडे नीट दिलेत, त्यामुळे उत्तरही आकड्यांनीच देता येईल. सॉफ्टवेअर उपयोगी आहे यात मला शंका नाही. मात्र त्याला जे भाग, जी शीट आणि जी अंतरे द्याल त्यांच्या चौकटीतच ते मांडणी शोधते, आणि तुमच्याकडे होणाऱ्या नासाडीचा मोठा भाग ही चौकट ठरवतानाच होऊन जातो. म्हणून आधी चौकट तपासू.

तुमचा गसेटच घेऊ. 1250 × 2500 मिमीच्या 6 मिमी शीटचे वजन, पोलादाची घनता 7.85 धरून, 147.2 किलो भरते. एका गसेटचे वजन 2.12 किलो होते. प्रत्येक त्रिकोणाभोवती चौकोन आखून मांडणी केली, आणि साध्या प्रोग्राममध्ये आजही तशीच होते, तर एका शीटमध्ये 4 × 8 म्हणजे 32 नग बसतात आणि निम्म्याहून अधिक पत्रा वाया जातो. तुम्ही दोन त्रिकोण कर्णाला कर्ण लावून उलटसुलट बसवता, म्हणून 28 जोड्या, म्हणजे 56 नग मिळतात आणि वापर 80.6 टक्के होतो. हाताने केलेल्या मांडणीत हे उत्तम आहे.

आता शीटच्या टोकाला उरलेल्या पट्टीकडे पाहा. सात जोड्या बसल्यावर लांबीच्या बाजूला सुमारे 278 मिमी रुंदीची पट्टी शिल्लक राहते. तीनशेचा भाग 278 मध्ये बसत नाही म्हणून ती बाजूला टाकली जाते. पण हाच त्रिकोण 45 अंशांत फिरवून कर्णावर झोपवला, तर त्याची उंची केवळ 212 मिमी राहते. तसे एकाआड एक उलटसुलट चार त्रिकोण त्या पट्टीत बसतात आणि नग 60 होतात. गसेटला बाक नसल्यामुळे तो कोणत्याही कोनात फिरवण्याला काहीही हरकत नाही. हाताने मांडणी करणारा माणूस 90 आणि 180 अंशांपलीकडे सहसा जात नाही. खऱ्या आकाराने मांडणी करणारे सॉफ्टवेअर मात्र परवानगी दिली तर जाते. येथे सॉफ्टवेअरची कमाई शीटमागे चार नग आहे.

याहून मोठी कमाई अंतरात आहे. 6 मिमीऐवजी 4 मिमी अंतर ठेवले तर लांबीत सातऐवजी आठ जोड्या बसतात, नग 64 होतात आणि वापर 92 टक्क्यांवर जातो. दोन मिलिमीटरच्या फरकाने एक आख्खी ओळ मिळते, कारण आठवी जोडी थोडक्यासाठी बाहेर राहत होती. मात्र 6 मिमी पत्र्यात 4 मिमीची पातळ पट्टी उरते तेव्हा ती तापते, वर उचलली जाते आणि कटिंग हेडच्या वाटेत येते. लीड-इनलाही, म्हणजे भागाच्या कडेपर्यंत जाणाऱ्या सुरुवातीच्या छोट्या कटलाही, तेवढ्या जागेत बसवावे लागते. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः नग वाढवण्याच्या भरात अंतर फार कमी केले होते. एक कापलेला भाग तिरका होऊन उभा राहिला, हेड त्यावर आदळले, नोझल आणि सिरॅमिक रिंग फुटली आणि पुण्याहून सुटा भाग येईपर्यंत दोन दिवस मशीन बंद राहिले. त्या दोन दिवसांच्या नुकसानीत कितीतरी शीटची बचत बुडाली. म्हणून अंतर सरसकट कमी करा, असे मी सांगणार नाही.

तुमच्या गसेटसाठी याहून सुरक्षित उपाय आहे. जोडीतल्या दोन त्रिकोणांचा कर्ण एकाच कटने कापायचा, याला कॉमन लाइन कटिंग म्हणतात. फायबर लेझरचा कट साधारण 0.2 ते 0.4 मिमी रुंदीचा असतो. कर्णावरचे 6 मिमी अंतर जाऊन तेथे फक्त कटची रुंदी उरली, तर बाकी सर्व ठिकाणी तुमचे 6 मिमी अंतर आणि कडेचे 10 मिमी कायम ठेवूनही आठ जोड्या सुमारे 2445 मिमी लांबीत बसतात. उपलब्ध लांबी 2480 मिमी आहे. म्हणजे 64 नग मिळतात आणि दोन त्रिकोणांमधली ती पातळ पट्टीही उरत नाही. शिवाय प्रत्येक जोडीत कर्ण एकदाच कापायचा असल्याने जोडीमागे 424 मिमी, शीटमागे सुमारे साडेतेरा मीटर कटिंग वाचते, म्हणजे वेळ आणि गॅस दोन्ही वाचतात. हजार गसेट काढायचे असतील तर आज तुम्हाला 18 शीट लागतात, या पद्धतीने 16 लागतील. दोन शीट म्हणजे 294 किलो पत्रा होतो.

कॉमन लाइनच्या अटीही लक्षात ठेवाव्यात. समान कटची रुंदी दोन्ही भागांत विभागून धरावी लागते, अन्यथा एक भाग पाव मिलिमीटरने लहान निघतो. गसेटला ते चालेल, बेअरिंग हाउसिंगच्या प्लेटला चालणार नाही. पहिला भाग सुटून हलला तर दुसऱ्याचा कर्ण वाकडा जातो, म्हणून कर्ण आधी आणि बाहेरच्या बाजू नंतर कापाव्यात किंवा मायक्रोजॉइंट, म्हणजे भागाला शीटशी धरून ठेवणारा न कापलेला बारीक सांधा, ठेवावा. पत्रा सपाट नसेल, कॉइलमधून उलगडलेला आणि नीट लेव्हल न झालेला असेल, तर कॉमन लाइन करू नये. प्लाझ्मावर कटची रुंदी दोन मिलिमीटर आणि त्याहून अधिक असते व कटला उतार येतो, तेथे हे गणित वेगळे पडते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच गसेटमधून निघते. 1500 × 3000 च्या शीटमध्ये सध्याच्या अंतरांनी 4 × 9 म्हणजे 36 जोड्या, 72 नग बसतात आणि वापर 72 टक्केच होतो. उरलेल्या सुमारे 256 मिमीच्या लांब पट्टीत 45 अंशांत फिरवून 12 नग घातले तरी 84 टक्के होतात. तुमच्या लहान शीटवर 60 नगांनी 86 टक्के मिळतातच आहेत. मोठ्या शीटमध्ये नासाडी कमी हा समज आपल्या भागात फार रूढ आहे, पण तो भागाच्या मापावर अवलंबून आहे. 300 मिमीचा भाग 1250 मध्ये चार वेळा चपखल बसतो. 1500 मध्ये मात्र पाचवा अगदी थोडक्यासाठी बसत नाही, कारण पाच त्रिकोणांचेच 1500 होतात आणि अंतराला जागाच उरत नाही. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच ऑर्डरसाठी दोन-तीन मापांच्या शीटची तुलना करता येते. ऑर्डर मिळाल्यावर, पत्रा खरेदी करण्यापूर्वी ही तुलना करावी. पत्रा आवारात येऊन पडल्यावर ती केवळ माहिती म्हणून उरते.

असे असूनही गसेटवर 80 टक्के वापर आणि एकूण नासाडी 25 टक्के, हा फरक कुठून येतो? माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा लहान ऑर्डरमधून आणि शेवटच्या शीटमधून येतो. 64 नगांच्या मांडणीत हजार गसेट कापताना पंधरा शीट पूर्ण भरतात आणि सोळाव्या शीटवर चाळीसच नग राहतात. ती उरलेली जागा कशाने भरायची हे ठरवलेले नसेल, तर पडद्यावरचे 92 टक्के प्रत्यक्षात येत नाहीत. दहा नगांची, पाच नगांची कामे तर पूर्णपणे याच प्रकारची असतात. उपाय म्हणजे एकाच जाडीच्या आणि एकाच ग्रेडच्या निरनिराळ्या ऑर्डर एकत्र करून मांडणी करणे. मोठ्या रिंगच्या पोटात लहान वॉशर, दोन गसेटांच्या मधल्या फटीत क्लीट (जोडणीची छोटी पट्टी), असे भरणीचे भाग हाताशी असले की कोणतीही मांडणी सुधारते. ट्रॉलीचे जे भाग वर्षभर लागतात ते भरणीसाठी थोडे जास्त कापून ठेवता येतात. मात्र विकले न जाणारे भाग कापून टक्केवारी वाढवणे म्हणजे भंगारच वेगळ्या रॅकवर ठेवणे होय.

ऑर्डर एकत्र करण्यासाठी काही दिवस थांबावे लागते आणि त्यासाठी आपल्या भागातील कामाचे चक्र समजून घेणे आवश्यक आहे. संकेश्वर, निपाणी, चिकोडी पट्ट्यातील साखर कारखान्यांची दुरुस्तीची कामे गाळप बंद असताना, पावसाळ्याच्या आगेमागे निघतात, आणि ट्रॉलीची कामे ऊसतोडणी सुरू होण्याआधीच्या महिन्यांत दाटतात. त्या काळात तीन-चार दिवसांच्या ऑर्डर जाडीनुसार साठवून एकत्र कापणे शक्य असते आणि ग्राहकही ऐकून घेतो. हंगाम सुरू झाल्यावर कारखान्यातून रात्री फोन येतो की कॅरियरची प्लेट तुटली आहे आणि सकाळपर्यंत पाहिजे, तेव्हा शीट अर्धे वाया गेले तरी कापून द्यावे. त्या कामाचा दरही तसाच लावावा. दोन्ही प्रकारच्या कामांना एकच नियम लावू नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

आता उरलेल्या तुकड्यांविषयी, कारण सॉफ्टवेअर घेऊनही बहुतेक कारखाने येथेच कमी पडतात. बहुतेक चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये मांडणीनंतर उरलेला मोठा तुकडा नोंदवून पुढच्या मांडणीत शीट म्हणून वापरण्याची सोय असते. ती सोय तेव्हाच चालते, जेव्हा संगणकातील तुकडा आवारात सापडतो. मी पाहिलेल्या एका शेडमध्ये संगणकात शेकडो तुकडे नोंदलेले होते, भिंतीला टेकून एकावर एक सत्तर-ऐंशी उभे होते आणि ऑपरेटर नवीन शीट घेत होता, कारण मागचा तुकडा काढण्यासाठी पुढचे वीस हलवावे लागत. किमान माप ठरवावे आणि त्याखालचे सर्व त्याच दिवशी भंगारात टाकावे. 6 मिमीसाठी मी 300 × 600 ठेवीन, पण तुमच्या नेहमीच्या भागांवरून तुम्ही ठरवा. राखायचा तुकडा शक्यतो आयताकृती राहील अशी शेवटची कट रेषा मशीनवरच मारून घ्यावी, कारण वेड्यावाकड्या तुकड्याला कोणी हात लावत नाही. प्रत्येक तुकड्यावर ऑइलपेंटने जाडी, माप आणि हीट नंबर (पोलादाच्या घाणाचा क्रमांक) कापल्या कापल्या लिहावा. आपल्याकडे ऑपरेटर कन्नड बोलणारा, हेल्पर मराठी आणि प्रोग्रामर दोन्ही भाषांतला असतो, त्यामुळे शब्द न लिहिता जाडीनुसार रंग आणि आकडे वापरावेत. 6 मिमीला पिवळा पट्टा आणि त्यापुढे 1250 × 400 इतके लिहिले की कोणालाही पुरते.

जॉबवर्कच्या पत्र्याचे तुकडे या रॅकमध्ये मिसळू नका. कोल्हापूरच्या पार्टीचा पत्रा तिच्या मालकीचा असतो आणि कापल्यावर उरलेले तुकडे व भंगार कोणाचे, हे चलनासोबतच लेखी ठरलेले असावे. दुसऱ्या राज्यातून जॉबवर्कसाठी माल येताना किंमत कितीही असली तरी ई-वे बिल लागते. भंगाराच्या बाबतीत जीएसटी कायद्याच्या कलम 143 नुसार नोंदणीकृत जॉबवर्करला ते कर भरून आपल्या जागेवरून थेट विकता येते, अन्यथा मूळ मालकाने विकायचे असते. तुमच्या स्वतःच्या आणि पार्टीच्या ऑर्डर एकाच शीटवर मांडण्याचा मोह सॉफ्टवेअर आल्यावर वाढतो, कारण टक्केवारी चांगली दिसते. पत्रा कोणाच्या खात्यातला, हा प्रश्न मग महिनाअखेरीस सुटत नाही. हे व्यवहार स्वतंत्र शीटवरच ठेवावेत.

सॉफ्टवेअर आतून काय करते, याची थोडी कल्पना असावी, म्हणजे विक्रेत्याचा दावा तपासता येतो. वाया जाणारा माल कमीत कमी करण्याचे गणित लेनिनग्राडच्या लिओनिद कान्तोरोविच यांनी 1939 साली मांडले. याच गणिताच्या परंपरेतील कामासाठी त्यांना 1975 चे अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. पुढे 1961 मध्ये आयबीएममधील गिलमोर आणि गोमोरी यांनी लांब रोल आणि पट्ट्या कापण्याच्या प्रश्नाला प्रत्यक्ष वापरता येईल अशी रीत दिली. पण वेडेवाकडे आकार सपाट शीटवर बसवण्याच्या प्रश्नात शक्य मांडण्यांची संख्या भाग वाढतील तशी इतकी वाढते की सर्व तपासून सर्वोत्तम मांडणी सिद्ध करणे व्यवहारात अशक्य होते. म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअर अनुभवाच्या नियमांनी चांगली मांडणी शोधते आणि वेळ दिला तर आणखी शोधत राहते. दहा सेकंदांत मिळालेली मांडणी आणि दहा मिनिटांनी मिळालेली मांडणी यांत फरक असू शकतो. संध्याकाळी दुसऱ्या दिवसाच्या ऑर्डर देऊन संगणक चालू ठेवला तर या गुणाचा फुकट फायदा मिळतो.

शिअरिंग मशीनवर किंवा प्लायवुडच्या पॅनेल सॉवर काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना द्यायला हवी. तेथे कट एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळच जातो, मध्ये थांबत नाही. त्यामुळे त्यांना खऱ्या आकाराच्या नेस्टिंगची गरज नाही, आयतांचा कटिंग प्लॅन करणारे साधे आणि स्वस्त सॉफ्टवेअर पुरते.

बेंडिंग होणाऱ्या भागांना मात्र फिरवण्याची मोकळीक देऊ नका. पत्र्याला रोलिंगची दिशा असते आणि बाकाची रेषा त्या दिशेला समांतर गेली तर, विशेषतः जाड पत्र्यात आणि लहान त्रिज्येत, बाहेरच्या बाजूला तडा जाण्याची शक्यता वाढते. अशा भागांवर सॉफ्टवेअरमध्ये केवळ 0 आणि 180 अंशांची मर्यादा घालावी. काही टक्के पत्रा जास्त लागेल, पण प्रेसवर फुटलेला ब्रॅकेट म्हणजे पत्रा, कटिंग आणि बेंडिंग तिन्ही वाया.

खरेदीचा हिशेब असा करा. बारा टन पत्र्यातून आज तुम्ही नऊ टनांचे भाग काढता. नासाडी 25 वरून 20 टक्क्यांवर आली तर तेवढ्याच भागांना 11.25 टन पत्रा लागेल, म्हणजे महिन्याला 750 किलो वाचतील. या बचतीची किंमत पत्र्याच्या पूर्ण दराने धरू नका. तो पत्रा भंगारात गेला असता तरी भंगाराचा दर मिळालाच असता, त्यामुळे खरी बचत दोन दरांमधला फरक आहे. हिशेबापुरता तो फरक किलोमागे 30 रुपये धरला तर महिन्याला साडेबावीस हजार रुपये होतात. त्यात प्रोग्रामरचा वाचलेला वेळ मिळवा आणि लायसन्स व वार्षिक देखभालीची रक्कम त्याच्याशी ताडून पाहा. बचत झाली की नाही हे पडद्यावरच्या टक्क्यांवरून ठरवू नका. महिन्यात उचललेला पत्रा, रवाना केलेल्या भागांचे वजन, तुकड्यांच्या साठ्यातला फरक आणि वजनकाट्यावर भरलेले भंगार, हे चार आकडे एका वहीत लिहा. त्यांची बेरीज जुळत नसेल तर पत्रा प्रत्यक्षात नाममात्र जाडीपेक्षा जाड येतो आहे का, तेही तपासा, कारण तुम्ही वजनाने घेता आणि भाग गणिती वजनाने विकता.

नवीन काही घेण्यापूर्वी मशीनबरोबर आलेले सॉफ्टवेअर उघडून पाहा. अनेक फायबर लेझरवर सायपकट हे मशीन चालवणारे सॉफ्टवेअर असते आणि त्यात स्वयंचलित मांडणी व कॉमन लाइनची सोय असते, ती कोणी वापरत नाही इतकेच. डीपनेस्ट हे मुक्त सॉफ्टवेअर डीएक्सएफ, म्हणजे कॅडमधल्या आकृत्यांच्या, फायली घेते आणि खऱ्या आकाराने मांडणी करते. मशीनचा कोड ते देत नाही, पण अंदाज घेण्यासाठी चांगले आहे. लँटेक, सिग्मानेस्ट, प्रोनेस्ट, रॅडन ही मोठी नावे आहेत आणि त्यांची खरी ताकद अनेक ऑर्डर एकत्र करणे, तुकड्यांची नोंद आणि दर काढणे यांत आहे. एका मशीनच्या कारखान्याने आधी दोन महिने हातातल्या साधनांनी गसेटची कॉमन लाइन, तुकड्यांचा रॅक आणि जाडीनुसार एकत्रीकरण एवढे करून पाहावे आणि काट्यावरचे आकडे घेऊन मगच विक्रेत्याला बोलवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

विक्रेता आला की त्याच्या नमुन्याच्या फायलींवर प्रात्यक्षिक पाहू नका. तुमच्या मागच्या महिन्यातल्या दहा ऑर्डरच्या डीएक्सएफ फायली द्या. आधी त्यांतल्या तुटलेल्या रेषा, एकावर एक आलेल्या दुहेरी रेषा आणि इंच-मिलिमीटरचा घोळ काढून टाका, कारण अशा फायलींवर कोणतेही सॉफ्टवेअर अडते. तुमच्याच कंट्रोलरसाठी कोड निघतो का आणि तो तुमच्या मशीनवर, तुमच्या ऑपरेटरच्या हातून एक शीट कापून दाखवतो का, हे पाहा. त्यात हा गसेटही असू द्या. 6 मिमी अंतर आणि कडेला 10 मिमी दिल्यावर 1250 × 2500 मध्ये कॉमन लाइनशिवाय 60 आणि कर्णाच्या कॉमन लाइनने 64 नग आले पाहिजेत. त्याहून कमी आले तर फिरवण्याचा कोन किती अंशांच्या टप्प्याने ठेवला आहे, हे सर्वांत आधी विचारा.